विमानांचे एकार्स संदेश घरी पकडायचे, तर कामाचा क्रम असा ठेवा

एकार्स म्हणजे विमान आणि जमीन यांच्यात रेडिओवरून जाणारे छोटे मजकूर-संदेश. ते पकडणारा यूएसबी रेडिओ, म्हणजे डोंगल, येतो, त्याच संध्याकाळी संदेश उलगडणारा प्रोग्राम, म्हणजे डीकोडर, चालू होतो आणि पडदा रात्रभर कोरा राहतो. मग लोक डीकोडर बदलतात, ऑपरेटिंग सिस्टिम बदलतात, शेवटी डोंगल खराब आहे म्हणून परत पाठवतात. बहुतेक वेळा दोष सॉफ्टवेअरमध्ये नसतो. अँटेना खिडकीच्या लोखंडी जाळीआड असते, गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचे प्रमाण, कमालीवर असतो किंवा फ्रिक्वेन्सी सहा-सात किलोहर्ट्झने सरकलेली असते. डीकोडर ही या साखळीतली शेवटची कडी आहे. आधीच्या कड्या एकेक करून तपासल्याशिवाय तिला हात लावू नका.

या लेखात मुख्यतः व्हीएचएफ या रेडिओपट्ट्यावरचे जुने एकार्स आणि शेवटी त्याचे नवे रूप व्हीडीएल मोड २ घेतले आहे. नकाशावर विमाने फिरताना दाखवणारा १०९० मेगाहर्ट्झवरचा एडीएस-बी हा वेगळा विषय आहे आणि त्याची अँटेनाही वेगळी लागते. एडीएस-बीमध्ये विमान दर सेकंदाला आपली जागा सांगत असते. एकार्समध्ये काही सांगायचे असेल तेव्हाच ते बोलते. हा फरक लक्षात नसला की पहिल्या दहा मिनिटांतच निराशा होते.

टप्पा ० : खरेदीच्या आधी कायदा

भारतात रेडिओ उपकरण बाळगण्यावर १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने नियंत्रण होते. त्याची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार कायदा आणला गेला. उपकरण बाळगायला परवानगी लागते आणि सूट कोणाला द्यायची हे सरकार ठरवते, हे तत्त्व दोन्हींत आहे. हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना हौशी बँडपुरता असतो. तो हातात आहे म्हणून विमानांचा बँड आपोआप खुला होत नाही. त्यामुळे दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेकडे लेखी विचारणा करा आणि उत्तर जपून ठेवा.

परदेशातल्या मराठी वाचकांनी तिथला नियम पाहावा. ब्रिटनमध्ये २००६ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याखाली, आपल्यासाठी नसलेले संदेश परवानगीशिवाय ऐकणे हा गुन्हा आहे. अमेरिकेत १९८६ च्या इलेक्ट्रॉनिक कम्युनिकेशन्स प्रायव्हसी कायद्याने विमानवाहतुकीच्या रेडिओला सूट दिली आहे.

*सावधान :* पुण्याचे लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे आणि गोव्यातले दाबोळी नौदलाचा. लॅपटॉप आणि अँटेना घेऊन त्यांच्या कुंपणाजवळ जाऊ नका. त्याची गरजही नाही. ३५,००० फुटांवरचे विमान रेडिओच्या सरळ रेषेत साधारण ४०० किलोमीटरवरून ऐकू येऊ शकते.

टप्पा १ : सामान, आणि काय घेऊ नये

आरटीएल२८३२यू चिप आणि आर८२०टी२ जातीचा ट्यूनर असलेला यूएसबी डोंगल पुरतो. तो साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ ऐकतो. घेताना एकाच गोष्टीचा आग्रह धरा : आत टीसीएक्सओ, म्हणजे तापमानाने न सरकणारा स्फटिक, असावा. साध्या डोंगलमध्ये फ्रिक्वेन्सीत ५० पीपीएमपर्यंत (दशलक्षात ५० भाग) चूक सहज सापडते आणि तो गरम होईल तशी ती बदलत जाते. टीसीएक्सओवाल्यात ती १ पीपीएमच्या आसपास राहते.

शिवाय लागेल :

- एक ते दोन मीटरची चांगली यूएसबी एक्स्टेन्शन वायर, म्हणजे डोंगल संगणकाच्या गोंगाटापासून दूर राहील
- एफएम अडवणारा फिल्टर (शहरात राहत असाल तर हा ऐच्छिक समजू नका)
- जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय, आणि पायला त्याचाच दमदार अडॅप्टर

अँप्लिफायर आत्ता घेऊ नका. डोंगलचा एडीसी, म्हणजे सिग्नलचे आकड्यांत रूपांतर करणारा भाग, फक्त ८ बिटांचा असतो. मुंबई-पुण्यात ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवरची एफएम केंद्रे इतकी जोरदार असतात की त्यांनीच तो भरून जातो. अँप्लिफायर लावला की एफएमही वाढते आणि विमान आणखी दबते. आधी फिल्टर लावा, अँप्लिफायरचा विचार नंतर, आणि तोही केबल फार लांब असेल तरच.

टप्पा २ : अँटेना आधी मोजा, मग लावा

१३१ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे २.२९ मीटर. तिचा चौथा भाग ५७ सेंटीमीटर आणि धातूच्या काडीसाठी पाच टक्के वजा केले की ५४. म्हणजे उभ्या डायपोलची, दोन काड्यांच्या अँटेनाची, वरची काडी ५४ आणि खालची ५४ सेंटीमीटर. मोजपट्टीने मोजा, अंदाजाने ओढू नका. डोंगलच्या किटमध्ये येणाऱ्या दुर्बिणीसारख्या मोठ्या काड्या एक मीटरपर्यंत लांबतात आणि पुष्कळ लोक त्या पूर्ण ओढूनच ठेवतात. त्याच किटमधल्या छोट्या काड्या या कामाच्या नाहीत.

दोन्ही काड्या उभ्या हव्यात, एक आकाशाकडे आणि एक जमिनीकडे. विमानांचा व्हीएचएफ संदेश उभ्या ध्रुवीकरणाचा असतो. टीव्हीच्या जुन्या अँटेनासारखी आडवी ठेवलेली डायपोल सिग्नलचा मोठा भाग गमावते.

जागेचा फरक सगळ्यात मोठा पडतो. फ्लॅटमध्ये खोलीच्या आत, लोखंडी ग्रिल आणि अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीमागे ठेवलेली अँटेना जवळजवळ निरुपयोगी ठरते. ग्रिलच्या बाहेर हातभर पुढे आली तरी चित्र बदलते. गच्चीवर जायला मिळाले तर फारच उत्तम. सोसायटीची लेखी परवानगी घ्या, पाण्याच्या टाकीच्या लोखंडी शिडीपासून दूर राहा आणि विजेच्या तारांपासून अँटेनाच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर ठेवा.

केबल जितकी आखूड तितकी चांगली. बारीक आरजी-५८ पेक्षा केबल टीव्हीची आरजी-६ या फ्रिक्वेन्सीला निम्म्याहून कमी सिग्नल खाते आणि कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. ती ७५ ओहमची आहे म्हणून बिचकू नका. फक्त ऐकायचेच असेल तर ५० आणि ७५ मधला फरक नगण्य आहे. जोडण्या मात्र नीट कराव्या लागतात : एफ कनेक्टर दाबून बसवलेला हवा आणि डोंगलच्या छोट्या एसएमए जोडासाठी अडॅप्टर एकच हवे, तीन एकमेकांत खोवलेले नकोत.

*पावसाळ्यासाठी :* बाहेरच्या प्रत्येक जोडावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ओढून गुंडाळा आणि वरून साधी टेप लावा. केबल घरात शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल. कोकणपट्टीत खाऱ्या हवेने पितळी जोड एका मोसमात हिरवे पडतात, म्हणून दसऱ्याच्या सुमारास ते उघडून पुसा. आकाशात ढग दाटू लागले की केबल डोंगलमधून काढून घराबाहेर ठेवा. गडगडाट सुरू झाल्यावर ती हातात धरून काढायची वेळ येऊ देऊ नका.

टप्पा ३ : डोंगल जिवंत आहे का?

इथे अजून डीकोडर नाही. आधी फक्त डोंगल.

विंडोजवर झाडिग नावाचे छोटे साधन वापरून डोंगलला विनयूएसबी ड्रायव्हर द्यावा लागतो. यादीत डोंगलचेच नाव निवडले आहे ना, हे दोनदा पाहा. घाईत कीबोर्ड किंवा माउसचा ड्रायव्हर बदलला की संगणक हाताळणेच अवघड होते. लिनक्सवर उलटी अडचण असते : डोंगल लावताच कर्नल त्याला टीव्ही ट्यूनर समजून ताब्यात घेतो. तो डीव्हीबी ड्रायव्हर काळ्या यादीत टाकून संगणक पुन्हा चालू करा. मग आरटीएल-एसडीआरच्या संचासोबत येणारा चाचणीचा प्रोग्राम चालवा.

*तपासणी :* ट्यूनरचे नाव दिसले पाहिजे आणि दोन-तीन मिनिटांत सॅम्पल गळाल्याची, म्हणजे डोंगलकडून येणारा डेटा मधेच सुटल्याची, तक्रार येता कामा नये. तक्रार आली तर यूएसबी हब काढा, वायर बदला. पायच्या बाबतीत आधी अडॅप्टर तपासा.

“उपकरण दुसऱ्याच्या ताब्यात आहे” अशा अर्थाची चूक दिसली, तर मागे कुठला तरी प्रोग्राम चालू राहिलेला असतो. एक डोंगल एका वेळी एकाच प्रोग्रामचा असतो. एसडीआर शार्प हा ऐकण्याचा प्रोग्राम उघडा ठेवून डीकोडर सुरू करणे ही नवख्यांची नेहमीची चूक.

टप्पा ४ : आधी कान, मग डीकोडर

एसडीआर शार्प किंवा जीक्यूआरएक्स उघडा. तीन गोष्टी याच क्रमाने ऐका.

पहिली, एखादे एफएम केंद्र. ते स्वच्छ ऐकू आले की डोंगल, ड्रायव्हर आणि आवाज ठीक आहेत. अँटेनाचा निर्वाळा मात्र यातून मिळत नाही, कारण एफएम तारेच्या तुकड्यावरही येते.

दुसरी, ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमधले वैमानिकांचे बोलणे, मोड एएम ठेवून. इथे लोक एफएम मोड तसाच सोडतात आणि फक्त खरखर ऐकतात. विमानतळ दूर असेल तर नियंत्रण कक्षाचा आवाज येणार नाही, वैमानिकाचा येईल. तेवढे पुरे.

तिसरी, १३१.५५० मेगाहर्ट्झ, मोड एएमच. आशिया-प्रशांत भागात एकार्सचा हा मुख्य चॅनेल मानला जातो. संदेश ऐकायला फार छोटा असतो : अर्ध्या ते एका सेकंदाचा कर्कश चर्रर्र, आणि वॉटरफॉलवर, म्हणजे प्रोग्राममधल्या फ्रिक्वेन्सींच्या सरकत्या चित्रावर, एक आखूड आडवा ठिपका. वेग २,४०० बिट प्रतिसेकंद आणि मजकूर जास्तीत जास्त २२० अक्षरांचा, म्हणून सर्वांत लांब तुकडाही सेकंदभरातच संपतो. १३१.७२५ आणि १३१.८२५ सुद्धा पाहा. कोणत्या चॅनेलवर ठिपके पडतात ते कागदावर लिहा. इंटरनेटवरच्या याद्यांमध्ये युरोप आणि अमेरिकेचे चॅनेल मिसळलेले असतात. तुमच्या गच्चीवर जे दिसते तेच खरे.

*तपासणी :* अर्धा तास थांबूनही एकही चर्रर्र कानावर पडला नाही, तर पुढे जाऊ नका. टप्पा २ कडे परत या. मुंबईच्या आसपास असाल तर मध्यरात्र ते पहाट ही वेळ धरा, आंतरराष्ट्रीय उड्डाणांची तेव्हा गर्दी असते.

टप्पा ५ : फ्रिक्वेन्सीची चूक काढा

१३१.५५ मेगाहर्ट्झला ५० पीपीएम म्हणजे सुमारे ६.६ किलोहर्ट्झ. एएममध्ये थोडी चूक खपते, एवढी खपत नाही. कानाला संदेश ऐकू येतो, कारण ऐकण्याची खिडकी आपण रुंद ठेवलेली असते. डीकोडरची खिडकी अरुंद असते.

टीसीएक्सओ डोंगल असेल तर शून्य ठेवा आणि पुढे चला. साधा असेल तर आधी वीस मिनिटे गरम होऊ द्या. थंड डोंगलवर काढलेला आकडा तासाभराने खोटा ठरतो. मग वॉटरफॉल मोठा करून वैमानिकाच्या आवाजाचा मधला कॅरिअर, म्हणजे चित्रातली मधली ठळक रेघ, किती सरकला आहे ते पाहा. पीपीएमचा आकडा बदलत बदलत तो योग्य जागी आणा. आपल्याकडे २जी मोबाइल मनोरे अजून चालू आहेत, त्यामुळे कॅलिब्रेट नावाचा प्रोग्राम जीएसएमच्या सिग्नलवरून हाच आकडा अधिक नेमका काढून देतो.

*सावधान :* चिन्ह उलटे लावले की चूक दुप्पट होते. आकडा घातल्यावर पुन्हा पाहा, कॅरिअर मध्याकडे आला की आणखी दूर गेला.

टप्पा ६ : गेन

ऑटो गेन बंद करा. एकार्सचे तुकडे इतके आखूड असतात की ऑटोला सावरायला वेळच मिळत नाही, आणि तो शेजारच्या एफएमकडे बघूनच निर्णय घेतो.

पद्धत सोपी आहे. गेन सर्वांत खाली न्या आणि एकेक पायरी वर चढवा. सुरुवातीला आवाजाची तळरेषा हलत नाही, पुढे एका पायरीला ती वर उचलू लागते. अँटेना जोडलेली असतानाच हे करा. तळरेषा उचलू लागली की आणखी एक-दोन पायऱ्या चढा आणि थांबा. त्यापुढे चढलात तर संदेश आणि गोंगाट बरोबरीने वाढतात, फायदा शून्य. आणखी चढलात तर १३१ वर एफएमची गाणी उमटू लागतात. तसे झाले की गेन फार जास्त आहे किंवा फिल्टर हवाच आहे.

घरातला गोंगाट याच वेळी शोधा. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, सेट-टॉप बॉक्स एकेक बंद करा आणि तळरेषा पाहा. मला विचाराल तर नवा अँप्लिफायर घेण्यापेक्षा एक वाईट चार्जर शोधून काढल्याने जास्त संदेश मिळतात.

टप्पा ७ : डीकोडर बसवा

लिनक्सवर एकार्सडेक हा प्रोग्राम वापरा. बसवण्याचा क्रम असा : आरटीएल-एसडीआरची लायब्ररी, मग संदेशांचा मजकूर उलगडणारी लिबएकार्स, मग एकार्सडेक. लिबएकार्स नंतर बसवले तर एकार्सडेक चालतो खरा, पण हवाई नियंत्रणाचे बायनरी संदेश न उलगडता निरर्थक अक्षरांच्या रांगेसारखे छापतो. तसे दिसले तर एकार्सडेक नव्याने बांधा, म्हणजे कंपाइल करा.

सुरू करताना चार गोष्टी द्या : डोंगलचा क्रमांक, गेन, पीपीएम आणि चॅनेलची यादी. एकच डोंगल अनेक चॅनेल एकाच वेळी ऐकतो, पण ते सगळे साधारण दोन मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बसले पाहिजेत. १३१.५५०, १३१.७२५ आणि १३१.८२५ आरामात बसतात. १२९.१२५ त्यांच्यासोबत घातला तर अंतर २.७ मेगाहर्ट्झ होते आणि प्रोग्राम सुरूच होत नाही. पहिल्या दिवशी टप्पा ४ मध्ये कागदावर लिहिलेले चॅनेल तेवढेच द्या.

घड्याळ यूटीसीवर ठेवा आणि इंटरनेटवरून जुळवलेले असू द्या. संदेशातली वेळ यूटीसी असते. आपल्या पहाटेच्या पाचला ती आदल्या दिवसाची २३:३० असते, आणि तारीख चुकण्याची जागा हीच.

*तपासणी :* प्रत्येक संदेशाच्या डोक्यावर फ्रिक्वेन्सी, सिग्नलची पातळी आणि चुकांचा आकडा छापला जातो. चुका शून्य असलेले संदेश बहुसंख्य हवेत. पातळी चांगली असूनही चुका असतील तर गेन कमी करा. पातळीच कमी असेल तर अँटेना.

टप्पा ८ : वाचायचे कसे

मथळ्यातली अक्षरे क्रमाने घ्या. पहिले अक्षर मोडचे. मग विमानाचा नोंदणी क्रमांक, त्यासाठी सात जागा राखलेल्या असतात. भारतीय क्रमांक ‘व्हीटी’, आडवी रेघ आणि तीन अक्षरे असा सहाच जागांचा असतो, म्हणून त्याच्या आधी एक टिंब येते. हे टिंब म्हणजे बिघाड नव्हे. पुढे पोच, मग दोन अक्षरांचे लेबल, मग ब्लॉकचे एक अक्षर. ब्लॉकच्या जागी आकडा असेल तर संदेश विमानाकडून जमिनीकडे चालला आहे, अक्षर असेल तर जमिनीकडून विमानाकडे. विमानतळापासून लांब राहणाऱ्यांना जवळजवळ फक्त आकडेच दिसतील, आणि ते बरोबर आहे.

विमानाकडून येणाऱ्या संदेशात त्यानंतर चार जागांचा अनुक्रम आणि सहा जागांचा उड्डाण क्रमांक येतो : दोन अक्षरे कंपनीची, चार आकडे उड्डाणाचे. इंडिगोचे ‘६ई’, एअर इंडियाचे ‘एआय’, अकासाचे ‘क्यूपी’.

लेबलांपैकी सुरुवातीला एवढी ओळखलीत तरी पुरे :

- अधोरेषा आणि डी : नुसती पोच, मजकूर नाही. यांचीच संख्या सर्वांत जास्त असते.
- क्यू० : दुव्याची चाचणी.
- एसए : विमान कोणत्या माध्यमावर आहे, व्हीएचएफ, उपग्रह की एचएफ, याची सूचना.
- क्यूए, क्यूबी, क्यूसी, क्यूडी : गेटवरून निघाले, उडाले, उतरले, गेटवर लागले.
- एच१ : विमानातल्या संगणकांचे अहवाल. मजकुराच्या सुरुवातीला ‘एम१’ असेल तर उड्डाण व्यवस्थापन संगणक, ‘डीएफ’ असेल तर इंजिन व यंत्रणांची नोंद, ‘सीएफ’ असेल तर बिघाडांची नोंद.
- बी६, एए, बीए : हवाई नियंत्रणाशी चाललेला डेटा संवाद. लिबएकार्स लागते ते यासाठी.

आकड्यांच्या लेबलांमागे बहुधा कंपनीची स्वतःची मांडणी असते. एका कंपनीचा अर्थ दुसरीला लावू नका.

अक्षांश-रेखांश वाचताना सर्वांत जास्त चूक होते. ‘एन’ आणि पुढे १९०५४ असे दिसले, तर ते बहुधा १९ अंश ०५.४ मिनिटे असते, म्हणजे दशांशात १९.०९. लोक ते १९.०५४ असे नकाशात घालतात आणि विमान चार किलोमीटर दक्षिणेला दाखवतात. काही कंपन्या मात्र खरोखरच दशांश पाठवतात. म्हणून ओळखीच्या ठिकाणावर ताडा : मुंबई विमानतळ १९ अंश ०५ मिनिटे उत्तर, ७२ अंश ५२ मिनिटे पूर्व. तिथे उतरणाऱ्या विमानाचे शेवटचे स्थान धावपट्टीच्या रेषेत आले तर तुमची वाचण्याची रीत बरोबर.

*सावधान :* एकार्सचा बराच मजकूर उघडा असतो. त्यात कर्मचाऱ्यांची नावे, प्रवाशाच्या आजाराची माहिती, व्हीलचेअरची विनंती येऊ शकते. तो मजकूर कोणाला पाठवू नका, पडद्याचे छायाचित्र समूहात टाकू नका. शिकण्यासाठी दाखवायचेच असेल तर फक्त लेबल, पातळी आणि चुकांचा आकडा दाखवा. या बाबतीत सूट नको, असे माझे ठाम मत आहे.

टप्पा ९ : मग व्हीडीएल मोड २

जुना एकार्स स्थिर चालू लागल्यावरच इकडे या. नवी विमाने बरेचसे बोलणे इथे करतात. जगभर सामाईक चॅनेल १३६.९७५ मेगाहर्ट्झ, वेग ३१.५ किलोबिट प्रतिसेकंद. कानाला हा तुकडा नुसत्या फुस्ससारखा लागतो, त्यामुळे टप्पा ४ ची कानाची परीक्षा इथे चालत नाही. वॉटरफॉलवर रुंद, आखूड पट्टा शोधा.

प्रोग्राम डम्पव्हीडीएल२. १३१ आणि १३६.९७५ एका डोंगलच्या पट्ट्यात बसत नाहीत, म्हणून दुसरा डोंगल लागतो. बाजारातले पुष्कळ डोंगल एकाच अनुक्रमांकाचे येतात, आणि दोन लावले की कोणता कोण हे प्रोग्रामला कळत नाही. डोंगलच्या आतल्या स्मृतीत, ईईप्रॉममध्ये, लिहिणाऱ्या साधनाने एकेकाला वेगळा क्रमांक लिहा. लिहिताना एकच डोंगल जोडलेला असू द्या, आणि दोन्हींवर चिठ्ठी चिकटवा.

डम्पव्हीडीएल२ प्रत्येक तुकड्यासोबत सिग्नल, गोंगाट आणि पीपीएमची चूक छापतो. एका विमानाच्या आकड्यावर विसंबू नका : ताशी ९०० किलोमीटरने जवळ येणाऱ्या विमानाचा डॉपलर, म्हणजे वेगामुळे सरकलेली फ्रिक्वेन्सी, एकटाच सुमारे ०.८ पीपीएम भरतो. येणारी आणि जाणारी मिळून पन्नासेक तुकड्यांची सरासरी काढा, ती पीपीएमच्या जागी भरा आणि प्रोग्राम पुन्हा सुरू करा. सरासरी शून्याच्या आसपास आली की हा डोंगल जुळला.